वाटी नसलेला कार्बोरेटर

ज्यांच्या घरी चेतक स्कूटर होती त्यांना हे दृश्य आठवेल. किक मारून मारून पाय भरून येतो, पण स्कूटर काही सुरू होत नाही. मग वडील ती एका बाजूला कलती करतात, जवळजवळ आडवीच, क्षणभर तशी धरतात आणि सरळ करतात. पुढच्या किकला इंजिन फटफट करत जागं होतं. टाकीच्या कोपऱ्यात अडलेलं पेट्रोल त्या कलण्यानं नळीच्या तोंडाशी आलेलं असतं. टू-स्ट्रोक इंजिनाशी आपल्यापैकी अनेकांची ओळख तिथेच झाली. इंजिन बिघडलं नव्हतं, त्याच्यापर्यंत इंधन पोहोचत नव्हतं, हा त्या ओळखीतला पहिला धडा. मॉडेल विमानाच्या इंजिनाबद्दल या प्रकरणात जे सांगायचं आहे ते सगळं याच धड्यातून निघतं.

स्कूटरच्या कार्बोरेटरला खाली एक वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी त्या वाटीत येतं. वाटीत एक फ्लोट तरंगतो. पातळी खाली गेली की तो झडप उघडतो, वर आली की बंद करतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक हेच काम करतो. टाकी काठोकाठ भरलेली असो की तळाला लागलेली, इंजिनाला दिसते ती फक्त वाटी, आणि वाटीतली पातळी कायम तीच. कार्बोरेटरचं गणित सोपं होतं ते या वाटीमुळे.

मॉडेल विमानाच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ही वाटी नसते. विमान वर चढतं, सूर मारतं, कुशीवर वळतं, पाठीवर उडतं, गोल कोलांटी घेतं. 'खाली' कुठे आहे हे फ्लोटला वजनावरूनच कळतं, आणि विमान उलटं झालं की त्याचं खाली-वर उलटं होतं. म्हणून मॉडेलवाल्यांनी वाटी काढूनच टाकली. एक टाकी, एक सिलिकोनची नळी, एक सुई, आणि हवेच्या वाटेत आडवी बसवलेली छिद्राची बारीक नळी. एवढाच सगळा संसार. टाकी हीच वाटी झाली, त्यामुळे टाकीतला प्रत्येक चढउतार थेट इंजिनाला जाणवू लागला.

किती थोड्या इंधनाचा हा प्रश्न आहे ते आधी पाहू. शिकाऊ विमानात सर्रास वापरलं जाणारं साडेसहा सीसीचं इंजिन पूर्ण वेगानं चालताना मिनिटाला साधारण 25 ते 30 मिलिलीटर इंधन पितं आणि त्याच मिनिटात 12,000 च्या आसपास फेरे घेतं. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. भागाकार केला तर एका स्फोटाच्या वाट्याला सुमारे अडीच मायक्रोलीटर येतात. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब ढोबळमानानं 50 मायक्रोलीटरचा. म्हणजे थेंबाचे वीस भाग करायचे, आणि त्यातला एकेक भाग सेकंदाला दोनशे वेळा बिनचूक वाढायचा. हे काम करणाऱ्या सुईला इलेक्ट्रॉनिक मेंदू नाही. ती म्हणजे एका पितळी नळीत फिरणारं निमुळतं टोक आहे, बस.

हे इंधन पेट्रोल नव्हे. अमेरिकेत रे आर्डेन यांनी 1947 च्या सुमारास ग्लो प्लग बाजारात आणला आणि मॉडेलच्या पोटातली बॅटरी, कॉइल, ठिणगीची सगळी यंत्रणा एका झटक्यात नाहीशी झाली. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं एक छोटं वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलनं ते लाल करायचं. इंजिनानं एकदा सूर धरला की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर जळते, आणि ती उष्णता व आधीच्या स्फोटाची धग यांवर तार तापलेली राहते. म्हणून इंधन मिथेनॉलचं, आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये अनेक वर्षं चाललेलं प्रमाणित मिश्रण 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के एरंडेल असं होतं. हौशी लोक त्यात ताकदीसाठी नायट्रोमिथेनही घालतात. आपल्याकडे एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे रस न निघणारा खटाटोप. या इंजिनांच्या दुनियेत मात्र एरंड मानाच्या जागी आहे. तापलेल्या धातूवर इतर तेलं साथ सोडतात तिथेही एरंडेलाचा थर टिकतो.

मिश्रणात इंधन कमी पडलं, म्हणजे मिश्रण 'लीन' झालं, तर स्कूटर फार तर अडखळते. मॉडेलचं इंजिन मात्र तीन बाजूंनी मार खातं. एक तर वंगण इंधनातूनच येतं, म्हणून इंधन घटलं की तेलही घटतं. दुसरं, मिथेनॉलची वाफ होताना ते किलोमागे सुमारे 1,100 किलोज्यूल उष्णता शोषतं, पेट्रोलच्या तिपटीच्या आसपास. इंजिन आतून गार राहतं ते यामुळे, आणि तीही सोय कमी होते. तिसरं म्हणजे तापलेल्या इंजिनात पेट लवकर घेतला जातो, पिस्टन वर पोहोचायच्या आतच स्फोट व्हायला लागतो, आणि इंजिन आणखी तापतं. लीन चाललेलं इंजिन सुरुवातीला फार सुरेख वाजतं. आवाज टिपेला जातो, धूर नाहीसा होतो, आणि नवशिक्याला वाटतं की आता खरी सेटिंग लागली. वीस-तीस सेकंदांनी ते दमतं, आवाज ओढल्यासारखा होतो आणि पंखा थांबतो. प्रत्येक वेळी पिस्टन-लायनरची थोडी आयुष्यरेषा पुसली जाते.

तर मग टाकीतून सुईपर्यंत इंधन कोण आणतं? हवा. इंजिन हवा ओढतं, कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब उतरतो. गळ्यात हवा सेकंदाला 60 मीटर वेगानं जाते असं धरलं, तर दाबातली ही घट सुमारे 2,100 पास्कल भरते. इंधनाच्या भाषेत सांगायचं तर 25 सेंटीमीटर उंचीचा इंधनाचा स्तंभ तोलून धरण्याइतकी. शाळेच्या पट्टीपेक्षा कमी! इंजिनाकडे ओढायला एवढंच बळ आहे, आणि त्यातूनच सुईच्या फटीतला अडथळाही पार करायचा आहे.

आता विमानाचं नाक सरळ आकाशाकडे करा. टाकी इंजिनाच्या मागे असते, ती आता इंजिनाच्या खाली आली. टाकी भरलेली असताना इंधनाची पातळी सुईपासून समजा 8 सेंटीमीटर खाली आहे. 25 मधले 8 वर उचलण्यात गेले, 17 उरले. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इंजिनाला नेहमीच्या सुमारे 82 टक्के इंधन मिळतं. सुई थोडी जास्त उघडी ठेवलेली असेल तर हे चालून जातं. पण टाकी संपत आली की तीच पातळी 20 सेंटीमीटर खाली जाते. उरले 5. वर्गमूळ काढलं तर इंधन येतं जेमतेम 45 टक्के. पहिल्या पाच मिनिटांत मजेत उभं चढणारं विमान दहाव्या मिनिटाला त्याच चढाईत का गप्प होतं, याचं उत्तर एवढ्या अंकगणितात आहे. प्लग बदलून हा आजार बरा होत नाही.

म्हणूनच मैदानावरचे अनुभवी लोक टाकी शक्य तितकी इंजिनाला चिकटून बसवायला सांगतात. उंचीचाही असाच हिशेब आहे. टाकीचा मध्य आणि सुई यांच्यात 2 सेंटीमीटरचा फरक असेल तर सरळ उडताना तो किरकोळ वाटतो. पण जोरात कोलांटी घेताना विमानावर गुरुत्वाच्या पाचपट भार आला, तर त्या 2 सेंटीमीटरचे 10 झाले. पाठीवर उडताना तर चिन्हच उलटतं, कमी पडणारं इंधन एकदम जास्त येऊ लागतं. टाकीचा मध्य सुईच्या रेषेत किंवा किंचित खाली, हा नियम या हिशेबातूनच आलेला आहे.

वाटी ठेवली असती तर काय झालं असतं, ते 1940 मध्ये इंग्लंडच्या आकाशात दिसलं. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्बोरेटर होता. जर्मन मेसरश्मिट 109 मध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. जर्मन वैमानिक नाक खाली ढकलून सरळ सूर मारत. पाठलागावरचा ब्रिटिश वैमानिक तसं करायला गेला की वाटीतलं इंधन वर उसळे, इंजिन आधी उपाशी राही आणि मग इंधनात बुडे. ब्रिटिश वैमानिक मग विमान आधी उलटं करून सूर मारू लागले. फार्नबरो इथल्या संशोधन केंद्रातल्या अभियंत्या बिएट्रिस शिलिंग यांनी 1941 च्या सुरुवातीला यावर एक उतारा दिला. इंधनाच्या वाटेत छिद्र असलेली एक छोटी धातूची चकती. छिद्र एवढंच, की पूर्ण ताकदीला लागेल तितकं इंधन यावं, त्याहून जास्त नाही. इंजिन बुडणं त्यानं थांबलं. एका लढाऊ विमानाचा जीव एका चकतीवर तरला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मॉडेलवाल्यांचा पहिला उतारा वेगळा आहे. इंजिनाचा गळा रुंद केला तर हवा जास्त मिळते, ताकद वाढते, पण वेग घटल्यामुळे ओढ कमी होते. अरुंद केला तर ओढ येते, ताकद जाते. यातून वाट काढली ती सायलेन्सरनं. सायलेन्सरला एक छोटी तोटी बसवतात आणि नळीनं ती टाकीच्या वरच्या भागाला जोडतात. धुराचा दाब टाकीतल्या इंधनाला मागून रेटा देतो. यातली दुसरी खुबी अशी की इंजिन जितकं जोरात चालेल तितका हा दाबही वाढतो. पण ती तोटी जळक्या एरंडेलाच्या काजळीनं बुजली, किंवा नळी निसटली, तर उड्डाणात काय होईल ते वरच्या गणितावरून ताडता येतं.

टाकीच्या आत 'क्लंक' नावाचा एक पितळी जड गोळा मऊ नळीच्या टोकाला लटकत असतो. इंधन ज्या बाजूला जाईल त्या बाजूला तोही पडतो, म्हणून विमान उलटं झालं तरी नळीचं तोंड इंधनात राहतं. विमान जमिनीवर आपटून थांबलं की हा गोळा कधी कधी पुढे उसळतो आणि नळी दुमडून तिथेच अडकून बसतो. बाहेरून सगळं ठीक. इंजिन जमिनीवर उत्तम चालतं, सपाट उडतानाही चालतं. नाक वर केलं की इंधन मागे जातं, क्लंक पुढेच राहतो आणि हवा ओढतो. जोराच्या प्रत्येक उतरणीनंतर टाकी कानाशी धरून हलवावी. गोळा मोकळा खुळखुळला तर ठीक.

सगळ्यात फसवी असते ती नळीतली बारीक चीर. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपला केसाएवढी भेग पडली तर पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, उलट पंप हवा धरतो आणि पाणी तुटतं. ओढणाऱ्या नळीची गळती आतल्या बाजूला असते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. मॉडेलच्या नळीत ती बुडबुड्यांच्या रूपात दिसते, तेही नळी पारदर्शक असेल आणि बघणारा वाकून बघेल तर. फिल्टरचे सांधे, सुईच्या बुडाशी बसलेली रबरी कडी, आणि टाकीच्या आतला क्लंकचा नळीचा तुकडा, या जागा हमखास फसवतात.

बुडबुडे दुसऱ्या वाटेनंही येतात. इंजिनाचा थरथराट टाकीपर्यंत पोहोचला की आतलं इंधन ताकासारखं घुसळलं जातं आणि फेस धरतं. फेस म्हणजे निम्मी हवा. पंखा नीट तोललेला नसला तर हा त्रास वाढतो. टाकी लाकडाला थेट टेकू न देता स्पंजात गुंडाळून ठेवली की बहुतेक वेळा भागतं.

आता दोरीवर उडणाऱ्या विमानांकडे वळू. एनसीसीच्या हवाई विभागात गेलेल्यांनी ही विमानं पाहिली असतील. कॅडेट मध्ये उभा, हातात मूठ, मुठीपासून दोन तारा, आणि तारांच्या टोकाला विमान त्याच्याभोवती गरगर फिरतंय. त्या काळी आपल्याकडे कोलकात्यात बनणारी ऑरोरा डिझेल इंजिनं यासाठी असत. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणाचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. अशा विमानात इंधनाला 'खाली' म्हणजे जमीन नव्हे, वर्तुळाच्या बाहेरची बाजू. 18 मीटरच्या तारांवर सव्वापाच सेकंदांत एक फेरी होत असेल तर बाहेरची ओढ गुरुत्वाच्या पावणेतीनपट भरते. त्यामुळे इंधन टाकीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून उभं राहतं. जसजसं ते संपतं तसतशी त्याची पातळी सुईपासून दूर, बाहेर सरकते, आणि पावणेतीनपट जोरानं इंजिन लीन होत जातं.

यावरचा उपाय सतराव्या शतकातला आहे. एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी बाटली. बाटली वरून घट्ट बंद करायची आणि हवा आत येण्याची नळी तळाजवळपर्यंत बुडवायची. द्रव कमी होत जातो, पण बाहेरच्या हवेचा दाब त्या नळीच्या टोकाशीच प्रकट होतो, वरच्या पातळीशी नाही. म्हणून बाटली भरलेली असो की अर्धी, धार एकसारखी पडते. काचेच्या सलाइनच्या बाटलीत वर बुडबुडे जाताना आपण पाहिले आहेत, तिथे हेच तत्त्व काम करत असे. मॉडेलवाल्यांनी टाकीची हवेची नळी आतल्या आत वळवून इंधन उचलणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ नेली आणि त्या रचनेला 'युनिफ्लो' म्हटलं. टाकीच्या पहिल्या थेंबापासून जवळजवळ शेवटच्यापर्यंत इंजिनाचा सूर बदलत नाही. वाटी काढून टाकल्यावर हरवलेली एकसारखी पातळी अशी, एका वाकवलेल्या नळीनं, परत मिळाली.

इथपर्यंत आपण चढाईत इंधन कमी पडणं हा दोष मानत आलो. दोरीवर कसरती करणाऱ्यांनी त्याच दोषाला कामाला लावलं, आणि माझ्या मते या छंदातली ही सगळ्यात देखणी युक्ती आहे. मिश्रणात इंधन बरंच जास्त असलं, म्हणजे मिश्रण 'रिच' असलं, तर टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला पेट घेऊ शकत नाही. एक फेरा रिकामा जातो, पुढचा पेटतो. टू-स्ट्रोक असूनही ते फोर-स्ट्रोकसारखं दर दुसऱ्या फेऱ्याला वाजतं. आवाज खर्जातला, जाडसर, भरपूर पांढरा धूर, आणि ताकद मध्यम. आता नाक वर केलं की इंधन किंचित कमी येतं, मिश्रण ठीक होतं आणि इंजिन एकाएकी प्रत्येक फेऱ्याला पेटू लागतं. खर्जातला आवाज क्षणात टिपेला जातो. चढाईला ताकद हवी असते नेमकी तेव्हाच ती मिळते. विमान सपाट झालं की इंजिन पुन्हा खर्जात उतरतं. थ्रॉटल नाही, रेडिओ नाही, तारांतून इंजिनाला कुठलाही निरोप जात नाही. विमानाचा वेग वर जाताना पडत नाही आणि खाली येताना उधळत नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूक फॉक्स यांनी आणलेलं फॉक्स 35 हे इंजिन या 'फोर-टू ब्रेक'साठी प्रसिद्ध झालं आणि पुढे कित्येक दशकं कसरतीच्या विमानांवर दिसत राहिलं. टाकी दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवून, सुई एखादी खाच इकडे-तिकडे करून लोक हा बदल नेमक्या क्षणावर आणून ठेवत.

मोठ्या विमानांवर हल्ली हा खटाटोप कमी झाला आहे. 20 सीसीच्या पुढची बरीच इंजिनं पेट्रोलवर चालतात आणि त्यांचा कार्बोरेटर लाकूड कापायच्या करवतीसारखाच पडद्याचा असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ पडदा थरथरतो आणि इंधन ओढून आणतो, दुसरा पडदा त्याचा दाब आवरतो. तिथे टाकी थोडी लांब असली तरी चालते. एक लक्षात ठेवायचं. ग्लो इंधनाला चालणारी सिलिकोनची नळी पेट्रोलनं फुगते आणि कुजते, म्हणून नळी बदलावी लागते.

लहान इंजिनाची परीक्षा मात्र अजून हातानं आणि कानानंच होते. पूर्ण वेगावर नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडायची. फेरे किंचित चढले तर मिश्रण थोडं रिच आहे, म्हणजे योग्य. दाबताच इंजिन बसलं तर ते आधीच लीन आहे. मग कोणीतरी विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करायचं, पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि दहा सेकंद ऐकायचं. आवाज किंचित वर जाऊन स्थिर राहिला तर उडवा. खाली पडला तर सुई दोन खाचा उघडून पुन्हा पाहा. मिथेनॉल हाताळताना दोन गोष्टी विसरू नयेत. ते पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही घेतं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.

माझ्याकडच्या एका इंजिनानं ही नाक वर करण्याची परीक्षा सलग तीन रविवार नाकारली. जमिनीवर आडवं असताना निर्दोष, उभं केलं की दहा सेकंदांत बंद. मी प्लग बदलला, सुई काढून धुतली, टाकी वर उचलली, मग खाली घेतली. चौथ्या रविवारी टाकी उघडून आतली क्लंकची नळी काढली, तिचं एक टोक बोटानं दाबलं, पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि दुसऱ्या टोकातून फुंकर घातली. पितळी तोटीच्या कडेला नळी जिथे रोज घासत होती, तिथून बुडबुड्यांची एक बारीक रेष वर आली. विमान सपाट असताना ती जागा इंधनाच्या आत असे, म्हणून हवा शिरत नव्हती. नाक वर झालं की ती उघडी पडे. तोटीची धार कानशीनं घासून काढली, दहा सेंटीमीटर नवी नळी कापून बसवली. त्या संध्याकाळी इंजिन टाकी संपेपर्यंत चाललं.